एन्येचा पत्ता
(भाषणाची लिखित प्रत)



भाषा आणि संगणक या विषयावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी मराठी बाजूला ठेवून स्पॅनिश निवडली. काहींना ते चमत्कारिक वाटले असेल. माझे कारण साधे आहे. संगणकावरील मराठीच्या अडचणी आपण मांडतो तेव्हा शेजारी नेहमी इंग्रजी ठेवतो, आणि ही तुलना जवळजवळ निरुपयोगी असते, कारण इंग्रजीला ती अडचण कधी आलेलीच नाही. यंत्रेच तिच्या मापाने बेतली गेली. स्पॅनिशचे तसे नाही. लिपी रोमन, राजभाषा म्हणून मान्यता वीस देशांत, पाठीशी १७१३ साली स्थापन झालेली अकादमी. एवढे सगळे असूनही महाजालावरच्या पत्त्यात आपले एक अक्षर लिहिण्यासाठी तिला दोन दशके थांबावे लागले, आणि परवानगी मिळाल्यावरही ते अक्षर तिथे फारसे रुजले नाही. असे का झाले, एवढेच मला आज सांगायचे आहे. मी स्पॅनिश शिकवतो, त्यामुळे उदाहरणे वर्गातली असतील. ती मी देवनागरीतच सांगेन. डोक्यावरची चिन्हे तुम्ही कल्पनेने घाला.

प्रथम ते अक्षर. रोमन एन काढा आणि त्याच्या डोक्यावर एक छोटी लाट काढा. याचे नाव ‘एन्ये’. उच्चार आपल्या ञ-चा. गोव्यातल्या श्रोत्यांना हा ध्वनी दुसऱ्या वेषात माहीत आहे. पोर्तुगीज भाषा तोच ध्वनी एनच्या पुढे एच लावून लिहिते, आणि ‘नोरोन्हा’ हे आडनाव आपल्याकडे तसेच लिहिले जाते. फ्रेंच आणि इटालियन जी-एन लिहितात, कातालान एन-वाय लिहिते. स्पॅनिशने मात्र एकाच अक्षरात काम भागवले. लॅटिनमधल्या ‘वर्ष’ या अर्थाच्या शब्दात दोन एन होते. मध्ययुगीन लेखनिक कागद आणि श्रम वाचवण्यासाठी दुसरा एन पहिल्याच्या डोक्यावर लहान करून टाकत. त्याचीच झिजून लाट झाली. लॅटिन ‘आन्नुस’चा स्पॅनिश ‘आन्यो’ झाला तो असा.

आता ही लाट पुसली तर काय होते ते पाहा. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. लाट गेली की उरतो ‘आनो’, आणि त्याचा अर्थ गुदद्वार. स्पॅनिशमध्ये वय सांगताना ‘माझ्याकडे वीस वर्षे आहेत’ अशी रचना असते. पहिल्या महिन्यात प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी लाट विसरतो, आणि त्याचे वाक्य काय होते ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही. ‘मोन्यो’ म्हणजे केसांचा अंबाडा, ‘मोनो’ म्हणजे माकड. ‘काम्पान्या’ म्हणजे मोहीम, ‘काम्पाना’ म्हणजे घंटा. आडनावांत तर हे रोज घडते. ‘पेन्या’ हे नेहमीचे आडनाव आहे, त्याचा अर्थ खडक. लाटेविना ‘पेना’ होते, म्हणजे दुःख. अशा आडनावाच्या माणसाने ई-मेलचा पत्ता उघडला तेव्हा यंत्राने त्याचा खडक काढून घेतला आणि हातात दुःख ठेवले. कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रार करण्यासारखे यात काही आहे असेच कोणाला वाटले नाही.

एन्येबरोबर स्पॅनिशमध्ये दुसरे एक चिन्ह आहे, स्वराच्या डोक्यावरची तिरकी रेघ. बाहेरचे लोक दोन्हींना एकाच पोत्यात घालतात: ‘डोक्यावर काहीतरी असलेली अक्षरे’. इथेच पहिली गफलत होते. तिरकी रेघ हे आघातचिन्ह आहे. स्पॅनिश शब्दात जोर कुठे पडतो याचे नियम ठरलेले आहेत. शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर, नाहीतर शेवटच्या. जो शब्द हा नियम मोडतो त्याच्यावर रेघ. म्हणजे रेघ ही वाचकाला दिलेली सूचना आहे. रेघ असलेला ‘ए’ आणि नसलेला ‘ए’ ही वर्णमालेत दोन अक्षरे नाहीत. एन्ये मात्र स्वतंत्र अक्षर आहे. शब्दकोशात त्याचा वेगळा विभाग असतो, एन संपल्यानंतर आणि ओच्या आधी.

हा भेद स्पॅनिश अकादम्यांनी किती काटेकोरपणे पाळला ते सांगण्याजोगे आहे. त्यांच्या वर्णमालेत पूर्वी सी-एच आणि डबल एल या जोड्याही स्वतंत्र अक्षरे मानल्या जात. १९९४ साली सर्व स्पॅनिशभाषक देशांच्या अकादम्यांनी एकत्र येऊन कोशातला त्यांचा वेगळा क्रम रद्द केला, आणि २०१०च्या शुद्धलेखन-ग्रंथात त्यांना वर्णमालेतूनही वगळले. उरली सत्तावीस अक्षरे. म्हणजे आधुनिक सोयीसाठी परंपरा सोडायला ही मंडळी तयार होती. पण एन्येला त्यांनी हात लावला नाही, कारण त्या जोड्या दोन अक्षरांच्या होत्या आणि एन्ये एकच आहे. आपल्याकडे शुद्धलेखनाच्या चर्चेत ‘काय सोडता येईल’ आणि ‘काय सोडता येणार नाही’ हे प्रश्न इतके वेगळे ठेवले जात नाहीत, असे मला वाटते.

रेघेला कमी लेखू नका, एवढे मात्र सांगतो. एकाच शब्दातील अक्षरे तीच ठेवून रेघ हलवली की ‘सार्वजनिक’, ‘मी प्रसिद्ध करतो’ आणि ‘त्याने प्रसिद्ध केले’ असे तीन अर्थ होतात. ‘पापा’च्या शेवटी जोर दिला तर वडील, न दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा. वाक्यात मागचे-पुढचे शब्द मदत करतात, म्हणून घाईत रेघ गाळणारा स्पॅनिशभाषक गैरसमज करून देत नाही. पण पत्ता म्हणजे वाक्य नव्हे. तिथे शब्द एकटा असतो, किंवा दोन-तीन शब्द जागा न सोडता चिकटलेले असतात. संदर्भाचा आधार सर्वांत कमी जिथे, तिथेच चिन्हे काढून घेतलेली.

आता एन्येच्या मोठ्या लढाईकडे येऊ. ती पत्त्याची नव्हती, कळफलकाची होती. स्पेनमध्ये विकल्या जाणाऱ्या संगणक-सामग्रीत स्पॅनिशची सर्व अक्षरे असलीच पाहिजेत असा तिथला नियम होता. १९९१ साली युरोपीय आर्थिक समुदायाने हा नियम मुक्त व्यापाराला अडथळा ठरतो असे म्हणून तो काढून टाकण्याची शिफारस केली. एका अक्षराची कळ जाणार, एवढाच विषय. पण स्पॅनिश अकादमीने हा भाषेवरचा घाला असल्याचे जाहीरपणे म्हटले. नोबेल मिळालेला कोलंबियन कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस एन्येच्या बाजूने उभा राहिला. हे मला विशेष वाटते, कारण तो स्पेनचा नागरिक नव्हता आणि प्रश्न स्पेनच्या कायद्याचा होता. स्पेन सरकारने १९९३च्या एप्रिलमध्ये हुकूम काढून एन्येची कळ कायम केली, आणि त्यासाठी मास्ट्रिख्ट करारातील सांस्कृतिक अपवादाचा आधार घेतला. आज स्पॅनिश कळफलकावर एलच्या उजव्या हाताला एन्येची स्वतंत्र कळ आहे. एन्ये ही तेव्हापासून जणू ध्वज झाली. थेरवान्तेस संस्थेच्या बोधचिन्हात ती आहे, आणि एका अमेरिकन वृत्तवाहिनीच्या स्पॅनिश शाखेने आपल्या नावातल्या दोन एनवर ती लाट चढवली आहे.

कळ वाचली. पण तिने उमटवलेले अक्षर महाजालाच्या पत्त्यात चालत नव्हते.

याचे कारण १९८३ साली ठरले होते. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने यंत्रांच्या आकडी पत्त्यांना नावे देण्याची पद्धत त्या वर्षी मांडली. १९८७ साली तिची मानके सुधारून निघाली, आणि आजचे महाजाल त्यांवरच उभे आहे. नावात काय चालेल? ए ते झेड ही सव्वीस अक्षरे, शून्य ते नऊ आकडे आणि संयोगचिन्ह. टिंबांनी वेगळ्या केलेल्या प्रत्येक तुकड्यात जास्तीत जास्त ६३ अक्षरे. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. तेव्हा जोडलेली बहुतेक यंत्रे अमेरिकेत होती आणि ही अक्षरे सगळ्या यंत्रांना समजत होती. पण नंतर जगभरची यंत्रे याच पायावर आली आणि पाया बदलणे अशक्य झाले.

मग २००३ साली तोडगा निघाला तो मोठा चतुर होता. पाया तसाच ठेवायचा, आणि नवी अक्षरे जुन्या सव्वीस अक्षरांत गुंडाळून न्यायची. ‘एस्पान्या’, म्हणजे स्पेन, हे नाव घ्या. तुम्ही ब्राउझरमध्ये ते एन्येसह टंकता. ब्राउझर आतल्या आत त्याचे भाषांतर करतो. ते मी तुम्हाला वाचून दाखवतो: एक्स, एन, संयोगचिन्ह, संयोगचिन्ह, इ, एस, पी, ए, ए, संयोगचिन्ह, आर, टी, ए. सुरुवातीचे एक्स-एन आणि दोन संयोगचिन्हे ही ‘पुढचे गुंडाळलेले आहे’ अशी खूण. मग शब्दातली साधी अक्षरे, एन्ये गाळून. आणि शेवटच्या आर-टी-ए या तीन अक्षरांत दोन गोष्टी भरलेल्या आहेत: गाळलेले अक्षर कोणते आणि ते कुठे बसवायचे. महाजालाच्या यंत्रांना एन्ये कधी दिसतच नाही. त्यांना हे गाठोडे दिसते. गाठोडे उघडून एन्ये दाखवायची की नाही, हे शेवटच्या टोकावरचा ब्राउझर ठरवतो.

यानंतर दारे भराभर उघडली. चिलीने २००५ साली आपल्या देशाच्या पत्त्यांत एन्ये आणि रेघेचे स्वर स्वीकारले. कातालान भाषेसाठीचे स्वतंत्र अंत्यनाम २००६ साली सुरू झाले तेच ही चिन्हे घेऊन. स्पेनने २००७ साली आपल्या अंत्यनामाखाली एन्ये, रेघेचे स्वर आणि देशातल्या इतर भाषांची चिन्हेही खुली केली. युरोपीय संघाच्या अंत्यनामाखाली ती २००९च्या डिसेंबरमध्ये आली.

एवढे झाल्यावर स्पॅनिश जगाने धावत जाऊन आपापली खरी नावे घ्यायला हवी होती. तसे झाले नाही. माद्रिदच्या ‘एल पाईस’ दैनिकाच्या नावात रेघ आहे, पत्त्यात नाही. ब्वेनोस आइरेसच्या ‘ला नासिओन’ आणि ‘क्लारीन’ या दैनिकांचेही तेच. याला ‘जुना पत्ता आहे, बदलणे अवघड’ असे उत्तर देता येते. पण ‘एल एस्पान्योल’ हे वृत्तपत्र महाजालावरच निघाले, २०१५ साली, म्हणजे सगळी दारे उघडून कितीतरी वर्षांनी. त्याच्या नावाचा अर्थच ‘स्पॅनिश’. तरी त्याने पत्त्यात साधा एन घातला. आणि स्पेनच्या अधिकृत पर्यटन-संकेतस्थळाने तर देशाचे इंग्रजी नावच घेतले. त्यात एन्येचा प्रश्नच उद्भवत नाही.

याचा दोष मी या संपादकांना देत नाही. त्यांच्या जागी बसून पाहिले की त्यांचे वागणे समजते. समजा तुम्ही एन्ये असलेला पत्ता घेतला. एन्येविनाचा पत्ता हा यंत्रांच्या लेखी पूर्णपणे दुसरा पत्ता. तो दुसऱ्या कोणी घेतलेला असू शकतो, आणि तुमचा निम्मा वाचक त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. माद्रिद किंवा मेक्सिकोतल्या वाचकाच्या हाताखाली एन्येची कळ असते. पण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या कोट्यवधी स्पॅनिशभाषकांपुढे बहुधा इंग्रजी कळफलक असतो. त्यातल्या कित्येकांना एक आकडा पाठ असतो: आल्ट कळ दाबून धरायची आणि १६४ टंकायचे, की एन्ये उमटते. आपल्या वर्णमालेतील अक्षराला पाठांतराचा आकडा असावा, ही गोष्ट मला गमतीची वाटत नाही.

पुढे पाहा. वाचक पत्त्याच्या पट्टीतून तुमचा पत्ता उचलून मित्राला पाठवतो. अनेकदा पाठवला जातो तो एन्येचा पत्ता नसतो, ते गाठोडे असते, एक्स-एन असलेले. मित्राला ते फसवणुकीचे वाटते, आणि त्याची शंका अगदी खोटी नाही. एका लिपीतले अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरासारखे दिसते याचा फायदा घेऊन बँकांची खोटी दारे उभी केली गेली आहेत. म्हणून ब्राउझर संशय आला की मुद्दाम नाव उघडून दाखवत नाहीत. एन्ये सहसा या संशयातून सुटते. पण सामान्य वाचकाच्या मनात ‘डोक्यावर चिन्ह असलेला पत्ता’ आणि ‘खोटा पत्ता’ यांची सांगड बसून जाते.

ई-मेलचे प्रकरण आणखी अवघड आहे, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथे आहे. पत्त्यात ॲट चिन्हाच्या उजवीकडचा भाग गाठोडे बांधून जुन्या यंत्रांतूनही जातो. डावीकडचा भाग, जिथे माणसाचे नाव असते, तसा जात नाही. त्यासाठी टपाल पोचवणाऱ्या प्रत्येक यंत्राला नवे नियम यावे लागतात. ते नियम २०१२ साली ठरले. गुगलच्या जीमेलने २०१४ साली असे पत्ते ओळखायला सुरुवात केली, पण तेव्हा तिथे तसा पत्ता स्वतःसाठी उघडता येत नव्हता. शिवाय असंख्य संकेतस्थळांवरचे अर्ज असा पत्ता भरला की ‘अवैध’ म्हणून परत करतात. म्हणजे दैनिकाला निदान निवड तरी होती. पेन्या, मुन्योस, नून्येस आडनावांच्या माणसांना ती नव्हती. एक पिढी आपले आडनाव यंत्राला चालेल तसे सांगायला शिकली, आणि दुसरी ते शिकूनच मोठी झाली. आज्ञावली लिहिणाऱ्या स्पॅनिशभाषकांची एक सवय सांगतो. ‘वर्ष’ हा शब्द त्यांना आज्ञावलीत लागतोच. एन्ये चालेल याची खात्री नाही, आणि लाट गाळली तर काय होते ते आपण पाहिले. म्हणून ते ‘आनिओ’ असा शब्द लिहितात, एनपुढे आय घालून. तो कोणत्याही कोशात नाही, पण स्पॅनिश जगात जिथे जिथे माहितीचे तक्ते आहेत तिथे तो सापडतो. यंत्राने भाषेला दिलेला हा शब्द आहे.

मग स्पॅनिश वाचकांसाठी पत्ता घेणाऱ्याने काय करावे? मला कोणी विचारले तर मी रेघ आणि लाट यांचा न्याय वेगळा करीन. रेघेचा पत्ता जमला तर घ्यावा, पण मुख्य पत्ता रेघेविना असला तरी स्पॅनिशभाषकाला तो खटकत नाही. घाईत टंकताना तो स्वतः रेघ गाळतो, कारण कळफलकावर रेघेसाठी आधी चिन्हाची कळ आणि मग स्वराची कळ अशा दोन कळा दाबाव्या लागतात. एन्येला एकच कळ आहे, आणि ती गाळली की शब्द दुसरा होतो. म्हणून नावात एन्ये असेल तर एन्येचा पत्ता घ्यावाच. एन्येविनाचाही घ्यावा आणि त्यावरून येणाऱ्याला मुकाट्याने खऱ्या पत्त्याकडे पाठवावे. फलकावर, छापील कागदावर, बोलण्यात एन्येचाच पत्ता द्यावा. बहुतेक संस्था याच्या बरोबर उलट करतात. दोन्ही घेतात, आणि छापतात तो लाट नसलेला.

दोन पत्त्यांचे पैसे का भरावे, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो काही देशांनी नियमानेच सोडवला आहे. कॅनडात फ्रेंच चिन्हांसाठी अशी व्यवस्था आहे की एका नावाची चिन्हांसह आणि चिन्हांविना होणारी सगळी रूपे एकाच मालकासाठी राखली जातात. पोर्तुगीजभाषक ब्राझीलमध्येही चिन्हे काढल्यावर जी नावे एकसारखी होतात ती एकाच धारकाला मिळतात. पत्त्यांच्या नोंदणीचे नियम तांत्रिक समित्या ठरवतात, पण ‘कोणती दोन रूपे एकच शब्द मानायची’ हा निर्णय भाषेचा आहे. तिथे भाषेची माणसे नसतील तर तो तंत्रज्ञ घेतात. त्यांना दुसरा इलाज नसतो.

आता एक तांत्रिक बारकावा सांगतो, तो या सभागृहाशी थेट संबंधित आहे. स्पेनमधल्याच कातालान भाषेत दोन एल जवळ आले तर उच्चार ‘ल्य’सारखा होतो. खरोखर दुहेरी ‘ल्ल’ हवा असेल तर दोन एलच्या मधोमध, ओळीच्या मध्यावर, एक टिंब देतात. पत्त्यांत टिंब म्हणजे तुकड्यांमधली भिंत. दिसायला हे टिंब तसलेच. ते स्वीकारावे की नाही यावर तोडगा निघाला तो असा, की हे मधले टिंब फक्त दोन एलच्या मध्ये आले तरच चालेल, अन्यत्र नाही. पत्त्यांच्या सुधारित मानकांत, जी २०१० साली प्रसिद्ध झाली, ‘संदर्भ पाहून चालणारी चिन्हे’ अशी एक छोटी यादी आहे. त्या यादीत हे कातालान टिंब तिसरे आहे. त्याच्या आधीची पहिली दोन चिन्हे कोणती? ती आपली आहेत, म्हणजे मुख्यतः भारतीय लिप्यांना लागणारी. न दिसणारी, शून्य रुंदीची, एक अक्षरे जोडणारे आणि एक तोडणारे. त्यांना नियम असा, की ती हलन्ताच्या खुणेनंतर आली तर चालतील.

यातले जोडणारे अदृश्य चिन्ह आपल्याला कुठे लागते, ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा आडवा र टंकण्याचे दोन मार्ग प्रचारात आहेत. एकात साधा र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह असते, तर दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. २००३च्या नियमांत अदृश्य चिन्हे पत्त्यातून सरळ गाळली जात. म्हणजे पहिल्या मार्गाने कोणी ‘दऱ्या’ टंकले, तर यंत्र ते ‘दर्या’ करून समुद्राच्या पत्त्यावर नेऊन सोडत असे. स्पॅनिश वर्षाचे जे झाले तेच. २०१०च्या नियमांनी अदृश्य चिन्हाला जागा दिली, पण त्यामुळे नवा पेच आला. सारखे दिसणारे, एकच शब्द असलेले, आणि तरीही यंत्राच्या लेखी दोन असलेले पत्ते. त्यांना एक मानायचे की दोन, हे सांगणारे अधिकारी मत मराठीकडून जायला हवे.

देवनागरीतले ‘.भारत’ हे अंत्यनाम २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि त्यात पहिल्यापासून हिंदीबरोबर मराठी आणि कोंकणीही आहेत. आपली परिस्थिती स्पॅनिशहून एका परीने कठीण आणि एका परीने सोपी आहे. कठीण अशासाठी, की त्यांचे एक अक्षर रोमनबाहेर होते, आपली सगळी लिपीच बाहेर आहे. सोपी अशासाठी, की त्यांच्याकडे लाट गाळलेला पत्ता हा ‘जवळजवळ बरोबर’ असतो, म्हणून लोक त्यावर थांबतात. आपल्याकडे रोमनमधले मराठी नाव ‘जवळजवळ बरोबर’ नसते. एकाच गावाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले जाते आणि तिन्हींवर वाद होतो. देवनागरी पत्ता हा त्यावरचा उपाय आहे, सजावट नाही. पण ग्रंथालये, शाळा, नियतकालिके तो घेतात आणि मग निमंत्रणपत्रिकेवर रोमनच छापतात, स्पॅनिश संस्थांसारखेच. घेतलेला पत्ता कागदावर आला नाही तर कोणी टंकणार कसा?

विद्यार्थ्यांसाठी एक काम सांगून थांबतो. आपापल्या भ्रमणध्वनीवर ‘दऱ्या’ हा शब्द टंका, मग शेजाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर टंका. दोन्ही एका ठिकाणी उतरवून घ्या आणि अक्षरांचे युनिकोड क्रमांक पाहा. ज्या कळफलकांचे क्रमांक जुळत नाहीत त्यांची यादी करून अकादमीकडे द्या. पाच-पन्नास भ्रमणध्वनींची यादी झाली की नोंदणीचे नियम करणाऱ्यांपुढे ठेवायला आपल्याकडे काहीतरी असेल.